इंटरनेट कॉलसाठी माइक-हेडफोनची जोडणी आणि सेटिंग : अडचणी व उपाय

डेसिबल

कॉलमध्ये आवाज जात नाही किंवा येत नाही म्हटलं की बरेच जण थेट ड्रायव्हर (उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) काढून नव्याने टाकायला घेतात. दोष तिथे क्वचितच असतो. माइकपासून समोरच्याच्या कानापर्यंत जाताना आवाजाला चार टप्पे लागतात : पिन किंवा यूएसबीची जोडणी, ऑपरेटिंग सिस्टिम, कॉलचं सॉफ्टवेअर आणि नेटवर्क. यातल्या पहिल्या तिन्ही ठिकाणी 'कुठला माइक' याची निवड आणि म्यूट वेगवेगळं असतं. एका ठिकाणी बरोबर केलेलं दुसऱ्याला कळतंच असं नाही. म्हणून आधी गाडी कुठे अडली ते शोधायचं, मग हात घालायचा.

सगळ्यात उपयोगी चाचणी अगदी साधी आहे. कॉलचं सॉफ्टवेअर पूर्ण बंद करा. विंडोजमधला साउंड रेकॉर्डर उघडून दहा सेकंद बोला आणि परत ऐका. रेकॉर्डिंग स्वच्छ असेल तर जोडणी आणि विंडोज दोन्ही ठीक, पुढचं सगळं कॉलच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा नेटवर्कमध्ये शोधायचं. रेकॉर्डिंगच कोरं आलं तर झूम-टीम्सच्या सेटिंगमध्ये कितीही खेळलात तरी उपयोग नाही.

विंडोज ११ मध्ये क्रमाने :

१. सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड. 'इनपुट'मध्ये हवा तो माइक निवडा. बोलताना शेजारची पट्टी हलली पाहिजे.

२. त्याच पानावर अगदी खाली 'मोअर साउंड सेटिंग्ज' आहे. त्यातून जुनी चौकट उघडते आणि खरी कामाची जागा तीच. 'रेकॉर्डिंग' टॅबमध्ये रिकाम्या जागी राइट-क्लिक करून 'शो डिसेबल्ड डिव्हाइसेस'वर टिक करा. बंद करून ठेवलेला माइक एरवी यादीत दिसतच नाही.

३. माइकवर राइट-क्लिक केल्यावर दोन पर्याय दिसतात : 'डिफॉल्ट डिव्हाइस' आणि 'डिफॉल्ट कम्युनिकेशन डिव्हाइस'. दोन्ही वेगळे आहेत. कॉलची बरीच सॉफ्टवेअर दुसरा पाहतात. गाणी हेडफोनमध्ये आणि कॉल लॅपटॉपच्या स्पीकरवर, असा प्रकार होतो तो यामुळेच.

४. प्रॉपर्टीज, 'लेव्हल्स'. माइक ८० ते ९० वर ठेवा. खाली 'मायक्रोफोन बूस्ट' असेल तर शून्यापासून सुरुवात करून फार तर १० किंवा २० डेसिबलपर्यंत जा. ३० वर नेलंत की आवाजाबरोबर पंख्याची घरघरही वाढते आणि जोरात बोललेलं फाटतं.

५. प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मायक्रोफोन. इथे तीन बटणं सुरू हवीत : वरचं मुख्य, ॲप्सचं आणि अगदी खालचं 'लेट डेस्कटॉप ॲप्स ॲक्सेस युवर मायक्रोफोन'. हे शेवटचं लोकांच्या नजरेतून सुटतं. ते बंद असेल तर माइक यादीत दिसतो, पण पट्टी ढिम्म हलत नाही.

मग कॉलच्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊन माइक आणि स्पीकर नावानिशी निवडा. 'सेम ॲज सिस्टिम'वर ठेवू नका. एचडीएमआयने मॉनिटर जोडला की विंडोज कधीकधी त्यालाच डिफॉल्ट स्पीकर करून टाकतं. त्या मॉनिटरला स्पीकर नसला तर कॉल चालू आणि आवाज गायब.

---

खुंटीवाला

धागा कामाचा आहे. पहिल्या टप्प्याबद्दल थोडी भर घालतो, कारण नवा हेडसेट घेणाऱ्यांची फसगत तिथेच होते.

३.५ मिलिमीटरच्या पिनेवरच्या काळ्या रेघा मोजा. दोन रेघा म्हणजे पिनेचे तीन भाग : डावा कान, उजवा कान, अर्थिंग. माइक नाही. (किंवा ती नुसत्या माइकची पिन असेल.) तीन रेघा म्हणजे चार भाग, त्यात माइकही आला. मोबाइलबरोबर मिळणारे इअरफोन या चार भागांच्या पिनेचे असतात.

लॅपटॉपला एकच भोक असेल तर बहुधा ते या चार भागांच्या पिनेसाठीच असतं, तिथे सरळ लावा. डेस्कटॉपला हिरवं आणि गुलाबी अशी दोन वेगळी भोकं असतात. मोबाइलचे इअरफोन हिरव्यात लावले तर ऐकू येतं, पण माइक चालत नाही. गुलाबीत लावले तर काहीच धड होत नाही. तिथे वाय आकाराचा स्प्लिटर लागतो : एका बाजूला चार भागांचं एक भोक, दुसऱ्या बाजूला तीन भागांच्या दोन पिना. घेताना नीट बघा. दोन हेडफोन जोडायचा स्प्लिटर दिसायला जवळपास असाच असतो आणि तो इथे कुचकामी.

उलट बाजूची गफलतही होते. कॉलरला लावायचा माइक तीन भागांच्या पिनेचा असेल, तर लॅपटॉपच्या एकुलत्या भोकात लावल्यावर लॅपटॉप त्याला हेडफोन समजतो आणि आतलाच माइक चालू ठेवतो. तुम्ही कॉलरपाशी बोलत राहता आणि समोरच्याला लांबून बोलल्यासारखं ऐकू जातं. तीन भागांच्या पिनेला चार भागांचं करणारं ॲडॅप्टर मिळतं, ते लावा.

चार भागांतही दोन पद्धती आहेत. सीटीआयएमध्ये टोकाकडून डावा, उजवा, अर्थिंग, माइक असा क्रम असतो. ओएमटीपीत शेवटचे दोन अदलाबदल होतात. जुने काही हेडसेट ओएमटीपीचे असतात. सीटीआयए भोकात ते लावले की आवाज पोकळ येतो, गाण्यातला गायक गायब आणि मागची वाद्यं तेवढी ऐकू येतात. वायरवरचं बटण दाबून धरलं की आवाज एकदम सुधारतो. हे लक्षण दिसलं तर हेडसेट फेकू नका, अदलाबदलीचं ॲडॅप्टर वापरा.

डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूचे जॅक चालत नसतील तर मागच्या बाजूला लावून पाहा. पुढच्या जॅकची वायर आत मदरबोर्डला जोडायचीच राहून गेलेली असू शकते.

---

नवशिका

वाखूसा (वाचनखूण साठवली). एक विचारायचं होतं. कॉलवर मला माझाच आवाज परत ऐकू येतो. हेडसेट यूएसबीचा आहे. कोणतं सेटिंग बदलू?

---

डेसिबल

@नवशिका, आधी एक बघा : आवाज लगेच येतो की थोडा उशिरा?

लगेच येत असेल, म्हणजे बोलता बोलताच कानात, तर तो तुमच्याच मशीनमधला आहे. रेकॉर्डिंग टॅब, माइकच्या प्रॉपर्टीज, 'लिसन' टॅब, तिथली 'लिसन टू धिस डिव्हाइस'ची टिक काढा. शिवाय काही यूएसबी हेडसेट स्वतःचा आवाज थोडा कानात मुद्दाम सोडतात, म्हणजे माणूस ओरडून बोलत नाही. त्याला साइडटोन म्हणतात. तो हेडसेटच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमधून किंवा प्लेबॅक टॅबमध्ये त्या हेडसेटच्या लेव्हल्समधून कमी करता येतो.

उशिरा येत असेल तर तुमच्याकडे काहीही बदलू नका. तुमचा आवाज समोरच्याच्या स्पीकरमधून बाहेर पडतो, त्याच्याच माइकमध्ये शिरतो आणि तुमच्याकडे परत येतो. त्यामुळे ज्याला एको ऐकू येतो त्याच्याकडे दोष नसतो, ज्याला ऐकू येत नाही त्याच्याकडे असतो. बैठकीत पाच-सात जण असतील तर एकेकाला म्यूट करायला सांगा. ज्याच्या म्यूटवर एको थांबतो तो माणूस सापडला. त्याने हेडफोन लावले किंवा स्पीकरचा आवाज उतरवला की काम झालं.

---

निःशब्द

डेसिबल यांच्या उत्तरात दोन गोष्टी वाढवतो.

समोरच्याच्या रेकॉर्डिंग यादीत 'स्टिरिओ मिक्स' माइक म्हणून निवडलेलं असेल तर हेडफोन लावूनही एको जात नाही, कारण स्पीकरला जाणारा सगळा आवाज आतल्या आत परत पाठवला जातो. ते डिसेबल करायचं.

दुसरं म्हणजे एकाच खोलीत दोघं जण दोन लॅपटॉपवरून एकाच बैठकीत. यात एको नाही, थेट शिट्टी वाजते. प्रत्येक सॉफ्टवेअरला स्वतःच्या स्पीकरमधून काय बाहेर पडतंय ते माहीत असतं, म्हणून ते माइकमधून तेवढं वजा करू शकतं. शेजारच्या लॅपटॉपच्या स्पीकरबद्दल त्याला काहीच माहिती नसते. एक लॅपटॉप सोडून बाकी सगळ्यांनी माइक आणि स्पीकर दोन्ही बंद ठेवायचे. नुसता माइक बंद करून भागत नाही.

---

प्रश्नोपनिषद

ब्लूटूथ हेडफोनवर गाणी झकास वाजतात, पण कॉल सुरू झाला की आवाज जुन्या लँडलाइनसारखा होतो. हेडफोन खराब आहे का?

---

लहरी

हेडफोन ठणठणीत आहे, ब्लूटूथची पद्धतच तशी आहे. गाणी एटूडीपी प्रोफाइलवर येतात. त्यात आवाज एकाच दिशेने जातो आणि स्टिरिओ असतो. कॉलमध्ये हेडफोनचा माइक सुरू झाला की दोन्ही दिशांनी आवाज न्यायला हेडफोन एचएफपी प्रोफाइलवर उतरतो. तिथे जुन्या सीव्हीएसडी कोडेकवर (कोडेक म्हणजे आवाज दाबून पाठवायची पद्धत) सॅम्पलिंग, म्हणजे आवाजाचे नमुने घेण्याचा वेग, ८ किलोहर्ट्झ आणि एमएसबीसी असेल तर १६ किलोहर्ट्झ, तेही मोनो. साध्या फोनचा आवाजही ८ किलोहर्ट्झचाच असतो, त्यामुळे लँडलाइनसारखा वाटतो हे अगदी बरोबर.

उपाय सोपा आहे. ऐकायला ब्लूटूथ हेडफोन ठेवा आणि माइक म्हणून लॅपटॉपचा आतला किंवा वेगळा यूएसबीचा निवडा. हेडफोनचा माइक कोणीही उघडला नाही की एटूडीपी टिकून राहतं. 'कोणीही' म्हणजे मागे उघडं राहिलेलं दुसरं सॉफ्टवेअरसुद्धा. विंडोज १० मध्ये एकाच हेडफोनच्या दोन नोंदी दिसतात, एक 'स्टिरिओ' आणि एक 'हँड्स-फ्री'. माइक दुसरा वापरणार असाल तर स्पीकर म्हणून 'स्टिरिओ'च निवडा. हेडफोनचा माइक कधीच लागणार नसेल तर 'डिव्हाइसेस अँड प्रिंटर्स'मधून त्याच्या प्रॉपर्टीज, सर्व्हिसेसमध्ये जाऊन 'हँड्स-फ्री टेलिफोनी'ची टिक काढून टाका.

एलई ऑडिओ नावाचं ब्लूटूथचं नवं मानक हे दुखणं मुळातून सोडवतं, पण हेडफोन आणि कॉम्प्युटर दोघांनाही ते यायला हवं.

हेडफोन एकाच वेळी मोबाइललाही जोडलेला असेल तर कॉलच्या मध्येच मोबाइल वाजला की तो हेडफोन पळवतो. महत्त्वाच्या कॉलआधी मोबाइलचं ब्लूटूथ बंद करा.

---

खरखर

क्लिक-क्लिक, टप-टप किंवा मध्येच अर्धा शब्द गिळला जाण्याबद्दल.

यूएसबी हेडसेट हबमध्ये लावला असेल तर काढून थेट कॉम्प्युटरच्या पोर्टमध्ये लावा. यूएसबीवर आवाज ज्या पद्धतीने जातो त्यात हरवलेला तुकडा पुन्हा पाठवला जात नाही, गेला तो गेला. त्याच हबवर वेबकॅम आणि हार्ड डिस्क असतील तर तुकडे हरवू शकतात. पॉवर ऑप्शन्समधलं 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करून पाहा, विशेषतः कॉलमध्ये थोडी शांतता गेल्यावर पहिला शब्द कापला जात असेल तर.

वायरलेस हेडसेटचा छोटा डोंगल (कॉम्प्युटरला लावायचा रिसीव्हर) यूएसबी ३ च्या पोर्टशेजारी असेल तर त्या पोर्टमधून निघणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. डोंगल हातभर एक्स्टेन्शन वायरने लांब नेला की फरक लगेच कळतो.

सतत गूंऽऽ असा आवाज असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. गूं थांबला तर तो अर्थिंगचा घोळ. असा दोष ३.५ च्या पिनेवर येतो. यूएसबी हेडसेटला तो सहसा होत नाही, कारण त्याचं साउंड कार्ड त्याच्या आतच असतं.

---

डेसिबल

+१. त्याच कारणासाठी रोजच्या कॉलला साधा वायरचा यूएसबी हेडसेट मला सगळ्यात बिनघोर वाटतो. ब्लूटूथ दिसायला सुटसुटीत आहे, पण वेळेवर दगा देतं.

---

मध्यलय

नॉइज सप्रेशनबद्दल, म्हणजे मागचा गोंगाट दाबण्याबद्दल, कोणीच लिहिलं नाही. झूममध्ये सेटिंग्ज, ऑडिओमध्ये गेल्यावर ते डिफॉल्ट 'ऑटो' असतं. बोलण्यासाठी ठीक. तबला, पेटी किंवा गायनाची शिकवणी असेल तर मात्र सॉफ्टवेअरला तंबोरा पंख्यासारखाच वाटतो. सतत एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट, हे त्याचं गणित. सूर मध्येच बुडतो, परत वर येतो. अशा वेळी 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' सुरू करायचं. सेटिंगमध्ये टिक केल्यावर बैठकीच्या खिडकीत वर बटण दिसतं, तेही दरवेळी चालू आहे का ते पाहायचं. हेडफोन लावले असतील तर त्यातलं एको कॅन्सलेशनही काढून टाका. स्पीकरवर ऐकत असाल तर ते राहू द्या.

शिवाय 'ऑटोमॅटिकली ॲडजस्ट मायक्रोफोन व्हॉल्यूम' बंद करून पातळी हाताने ठेवा. एरवी आलाप हळू म्हटला की सॉफ्टवेअर माइक चढवतं आणि तान आली की फाडतं.

---

निःशब्द

गाण्यासाठी मान्य. बोलण्याच्या कॉलला मात्र ऑटो चालू राहू द्यावं असं माझं मत. माणूस खुर्चीत मागेपुढे होत राहतो, पातळी हाताने सांभाळणं त्याच्याने होत नाही. फक्त एकापेक्षा जास्त ठिकाणी नॉइज सप्रेशन नको. हेडसेटच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये एक, विंडोजच्या 'ऑडिओ एन्हान्समेंट्स'मध्ये दुसरं आणि झूममध्ये तिसरं असं एकावर एक चढलं की शब्दांची शेवटची अक्षरं खाल्ली जातात. 'आहेत'चं 'आहे' होतं. एकच ठेवा, ते कॉलच्या सॉफ्टवेअरमधलं.

त्याहून जास्त फरक माइकच्या जागेने पडतो. हेडसेटची दांडी ओठांच्या कोपऱ्याशी, दोन बोटं अंतरावर ठेवा. तोंडासमोर आणली की 'प', 'फ', 'भ' म्हणताना फुंकर थेट माइकवर बसते. दांडी वर दुमडली की काही हेडसेट आपोआप म्यूट होतात, तेही लक्षात असू द्या.

---

टक्स

लिनक्सवाल्यांसाठी. पॅव्यूकंट्रोल हे आवाजाच्या सेटिंगचं सॉफ्टवेअर टाकून घ्या. आता बऱ्याच वितरणांत पाइपवायर ही नवी आवाज-यंत्रणा असली तरी ते चालतं. शेवटच्या 'कॉन्फिगरेशन' टॅबमध्ये साउंड कार्डाचं प्रोफाइल 'ॲनालॉग स्टिरिओ डुप्लेक्स' हवं. नुसतं 'आउटपुट' असेल तर माइक यादीतून नाहीसा होतो. ब्लूटूथचं एटूडीपी की एचएफपी तेही तिथेच बदलतं.

पॅव्यूकंट्रोलची खरी मजा 'रेकॉर्डिंग' टॅबमध्ये आहे. कॉल चालू असताना तो उघडा. ब्राउझर नेमका कुठल्या माइकमधून ऐकतोय ते दिसतं आणि कॉल न तोडता तिथल्या तिथे बदलता येतं. कॉल सुरू नसेल तर तो टॅब रिकामा दिसतो, घाबरू नका.

---

सफरचंद

मॅकवर : सिस्टिम सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मायक्रोफोन. सॉफ्टवेअरच्या नावापुढचं बटण सुरू केल्यावर ते सॉफ्टवेअर पूर्ण बंद करून पुन्हा उघडावं लागतं. लाल ठिपक्यावर क्लिक करून खिडकी जाते, सॉफ्टवेअर चालूच राहतं. कमांड आणि क्यू दाबा. आवाजाची पातळी आणि सॅम्पल रेट बघायला 'ऑडिओ मिडी सेटअप' आहे.

---

प्रश्नोपनिषद

@लहरी, माइक बदलला, आवाज एकदम सुधारला. आभार. आता दुसरं : ब्राउझरमधून गूगल मीटला जोडल्यावर 'मायक्रोफोन ब्लॉक्ड' येतं, रेकॉर्डरमध्ये मात्र माइक चालतो.

---

लहरी

म्हणजे जोडणी आणि विंडोज ठीक. ब्राउझरमध्ये परवानगी दोनदा लागते. विंडोज ब्राउझरला देतं आणि ब्राउझर त्या संकेतस्थळाला देतो. दुसरी अडली आहे. पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करा, मायक्रोफोन 'अलाऊ' करा आणि पान पुन्हा लोड करा. लोड केल्याशिवाय लागू होत नाही. पहिल्या वेळी आलेल्या चौकटीत 'ब्लॉक' दाबलं गेलं की ब्राउझर पुन्हा विचारत नाही, म्हणून हे होतं. मग मीटच्या तीन ठिपक्यांतून सेटिंग्ज, ऑडिओमध्ये माइकचं नाव तपासा.

तरीही माइक उघडत नसेल तर दुसऱ्या सॉफ्टवेअरने तो एकट्याकडे धरून ठेवलेला असू शकतो. ते बंद करा किंवा माइकच्या प्रॉपर्टीज, 'ॲडव्हान्स्ड'मध्ये 'एक्सक्लुझिव्ह कंट्रोल'ची टिक काढा.

---

नवशिका

माझा एको उशिराचाच होता, समोरच्याने हेडफोन लावल्यावर गेला. पण आता आवाज मध्येमध्ये रोबोटसारखा येतो. हे माइकचं का?

---

खरखर

रोबोटसारखा, धातूचा, ताणलेला आवाज म्हणजे बहुधा नेटवर्क. आवाज नेटवर्कवरून छोट्या तुकड्यांत, म्हणजे पाकिटांत, जातो. ही पाकिटं उशिरा पोचतात किंवा हरवतात आणि सॉफ्टवेअर मधली जागा अंदाजाने भरतं. वेग पुरतो हो. बोलण्याला बँडविड्थ फारच थोडी लागते, जुन्या जी.७११ कोडेकलासुद्धा सेकंदाला ६४ किलोबिट पुरतात. अडचण पाकिटांच्या अनियमिततेची असते. वायफायऐवजी लॅनची वायर लावून पाहा, क्लाउडवर चाललेलं बॅकअप थांबवा, व्हिडिओ बंद करून बघा. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) जी.११४ शिफारशीत एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवायला सांगितलं आहे. त्यापुढे गेलं की दोघं एकदम बोलायला लागतात आणि एकदम थांबतात.

आवाज रोबोटसारखा नसून नुसता अचानक हळू होत असेल, तर ते वेगळं. साउंडच्या जुन्या चौकटीत 'कम्युनिकेशन्स' टॅब आहे. कॉल चालू झाला की बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी उतरवायचे असं तिथे मुळातच ठरलेलं असतं. 'डू नथिंग' करा.

---

खुंटीवाला

यूएसबीवाल्यांनी आणखी एक सांभाळा. हेडसेट दुसऱ्या पोर्टमध्ये लावला की विंडोज त्याला नवं समजून नावाच्या आधी '२-' असं लावू शकतं. कॉलच्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही जुन्या नावाचा माइक निवडून ठेवलेला असतो, तो सापडत नाही आणि ते गपचूप लॅपटॉपच्या माइकवर जातं. एक पोर्ट ठरवून ठेवा. बदललाच तर कॉलमध्ये शिरण्याआधी झूममध्ये 'टेस्ट माइक' किंवा टीम्समध्ये सेटिंग्ज, डिव्हाइसेसमधून 'मेक अ टेस्ट कॉल' करा आणि बोलता बोलता माइकच्या दांडीवर नखाने हलकेच टकटक करा. टकटक मोठी आणि जवळून ऐकू आली तर हेडसेटचाच माइक चालू आहे.